मिरचीबाई आठपर्यंत थांबते

गुलाबरावजींनी कुणालाही प्रश्न विचारला की ते डाव्या अंगठ्याने पेरं मोजायला लागतात. आठपर्यंत. उत्तर तीनवर आलं तरी उरलेले पाच अंक ते तुमच्याकडे प्रेमाने बघत राहतात. ऑटोवाल्याला "सक्करदरा येता का गा?" विचारून मोजत उभे राहिल्यामुळे त्यांचे कितीतरी ऑटो निघून गेले आहेत. भाजीवाली त्यांना बहिरं समजते आणि भाव ओरडून सांगते.

मनीषनगरातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये आम्ही लहान मुलांसाठी टीव्हीचा कार्यक्रम करतो. वेळापत्रक आणि माणसं सांभाळणं माझ्याकडे. गुलाबरावजी मूळचे मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवापूरचे, त्यामुळे त्यांची बाहुली मिरची आहे: लाल झगा, हिरवं देठ, नाव मिरचीबाई. साठी उलटलेला हा माणूस टेबलामागे गुडघ्यांवर बसून, हात वर धरून तिला अर्धा अर्धा तास नाचवतो आणि उठताना फक्त "ओ माय" म्हणतो.

मिरचीबाई विचारते, तीन संत्री आणि दोन संत्री, किती झाली? मग मान तिरपी करून आठ अंक गप्प. मागे ॲनिमेशनमधली संत्री नुसती डोलत राहतात. आमची संकलक वैशाली याने हैराण. एवढ्यात पोरं चॅनेल बदलतील, तीन अंक पुरेत, असं तिचं म्हणणं. चॅनेलवाल्यांचंही तेच. मलाही पटलं. तसं सांगायला गेले तर गुलाबरावजी म्हणाले, "तीनच ठेवाचे असन तर मिरची दुसऱ्याच्या हातात द्या." दुसऱ्याच्या हातात ती नुसतं शिवलेलं फडकं होते, हे मला ठाऊक होतं.

शेवटी एका बालवाडीत भाग दाखवून बघायचं ठरलं. वीसेक पोरं चटईवर. दोनवर "पाच" असा गलका झाला. चारवर चिमटे सुरू झाले. सहावर एकाने चटईची किनार चघळायला घेतली. वैशालीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि स्कूटी काढून पुढे गेली. गुलाबरावजी सगळा वेळ टीव्हीकडे पाठ करून मुलांकडे बघत होते.

परतताना ऑटोत मी म्हटलं, आता तीनच करू या.

"कोपऱ्यातली पोरगी पाह्यली का, मॅडम? सातवर ओठ हलले तिचे."

मी पाहिली नव्हती. पण आठच का, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं, ते आता विचारलं. त्यांनी रस्त्याकडे बघतच सांगितलं.

"पहिलीत गुरुजीनं सगळ्याइले विचारलं, घरी किती जण? माय त्याच हप्त्यात गेली होती. तिले धरलं तं आठ, नाही तं सात; धराचं का नाही, मी मोजून राहिलो होतो. गुरुजी पुढच्या पोराकडं गेले."

 

फ्लॅटवर पोचल्यावर वैशालीला सांगितलं, आठच राहू दे. का, म्हणून तिने विचारलं. चॅनेलशी मी बोलते, म्हटलं, आणि फोन लावला.