काहीही न घालण्याचा परिणाम

विज्ञान प्रश्नांमुळे पुढे जातं असं म्हणतात. ते टिकतं मात्र न विचारलेल्या प्रश्नांवर, आणि या बाबतीत गॅलिशियातल्या आमच्या विलारमोउरो विद्यापीठाच्या रसायन खात्याचा हात कोणी धरू शकणार नाही.

आमचं काम सोपं आहे. तेल घ्यायचं, त्यात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब सोडायचे आणि प्रत्येक थेंबाला साबणाचा अंगरखा चढवायचा. (शास्त्रात याला मायक्रोइमल्शन म्हणतात. घरी याला न विसळलेलं भांडं म्हणतात.) तेलातून वीज जात नाही. पण मिश्रण तापवत नेलं की एका ठरावीक अंशाला थेंब एकमेकांना खेटतात, या थेंबातून त्या थेंबात वीज पाझरू लागते आणि काटा टुणकन उडी मारतो. त्या अंशावर आमची घरं चालतात. मिश्रणात चिमूटभर काहीतरी घालायचं आणि पाझर लवकर होतो की उशिरा, ते बघायचं. एक पदार्थ, एक पदवी. एलादियो सर युरियावर प्राध्यापक झाले, कारमे बाई ग्लुकोजवर. मी थायोयुरियावर.

काहीही न घालता पाझर अडतीस अंशांना होतो. हे आमचे संस्थापक कै. अमान्सिओ यांनी एका हिवाळ्यात एकदाच मोजलं. तो थर्मामीटर पुढे फुटला, त्यामुळे फेरतपासणीचा प्रश्न कायमचा मिटला. तेव्हापासून एकेचाळीस पदार्थ घालून झाले आणि एकूण एक पदार्थाने पाझर चौतीसवर आणला. इतर विद्यापीठांत काही पदार्थ अंश वाढवतात, काही कमी करतात, काही ढिम्म राहतात. असली बेशिस्त आमच्याकडे नाही. परदेशी परीक्षकांनी शंका काढली तेव्हा सरांनी कळवलं, की आमच्या गावचं पाणीच गुणाचं आहे. (पाणी आम्ही बाहेरून बाटलीबंद आणतो, पण ते इथे आल्यावर गावचंच होतं.)

अशा सुरळीत चाललेल्या संसारात सबेलाने बिब्बा घातला.

सबेला ही दोसिंदा ऑक्टोपसवालीची मुलगी. आई जत्राजत्रांतून तांब्याच्या हंड्यात ऑक्टोपस उकडून विकते. पोरीची शिष्यवृत्ती जूनअखेर संपत होती. तोवर प्रबंध झाला नाही तर पुढे हंडा ठरलेला. तिच्या वाट्याला बेचाळिसावा पदार्थ आला, कॅफीन. तिने मोजलं, चौतीस. सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी ती पांढरीफटक पडून आली.

"सर, कॅफीन तराजूवरच राहिलंय. मी ते घातलंच नव्हतं."

"बरं, मग?"

"मग चौतीस कसं आलं?"

"पोरी, तुझ्या हाताला गुण आहे," एलादियो सर म्हणाले.

"अहो, थट्टा काय करताय! आठवडाभराचं काम आज सकाळपासून करतेय मी. नुसतं मिश्रण, परत परत. चौतीसच येतंय! अडतीस कधी नव्हतंच, सर. तुमचा युरिया काही करत नाही. कोणाचंच काही, काही करत नाही!"

कारमे बाईंनी दार लावून घेतलं. (आमच्या खात्यात दार लागतं, हे त्या दिवशी कळलं.)

लगेच बैठक बसली. अमान्सिओंना चूक ठरवावं, तर मृत माणसाची बदनामी. एकेचाळीस पदव्या परत घ्याव्यात, तर त्यांतली एक कुलगुरूंची. अखेर सरांनीच तोडगा काढला. सबेलाने काही घातलं नाही आणि पाझर चार अंश खाली आला. अर्थात 'काहीच नाही' हाच प्रभावी पदार्थ ठरतो. शिवाय स्वस्त.

"अगं, सोन्यासारखा विषय आहे," कारमे बाई तिची समजूत घालू लागल्या. "जगात कोणी केलेला नाही. या विषयाच्या अर्जावर सही कर आणि मोकळी हो, बाई."

"खोटं आहे ते."

"खोटं कसं? काही घातलं होतंस?"

"नाही."

"चौतीस आलं?"

"आलं."

"मग रडतेस कशाला?"

रडत ती होती, पण संतापाने. "चार वर्षं मला वाटत होतं, मलाच मेलीला कळत नाही. तुम्हाला विचारायची लाज वाटायची मला. तुम्हाला!" सही न करताच ती उठून गेली. शिष्यवृत्ती गेली, पदवी गेली. आता ती आईबरोबर हंड्यापाशी उभी असते. तिथे म्हणे गिऱ्हाईक पहिल्याच घासाला तोंडावर सांगतं, "कच्चं आहे गं!" असल्या असंस्कृत वातावरणात त्या हुशार मुलीचं कसं व्हायचं, याची मला खरंच काळजी वाटते.

तर 'काहीच नाही' हा विषय सध्या बेवारस पडला आहे आणि सबेलाची जागा रिकामी. उमेदवार विश्वासू हवा. मघापासून मी तुमच्याकडेच बघतोय. अडतीस म्हणालो, तुम्ही मान डोलावलीत. चौतीस म्हणालो, तरी डोलावलीत. कोणी मोजलं, कशाने मोजलं, हा मनुष्य खरं बोलतोय का, एका अक्षराने विचारलं नाहीत, आणि वर आम्हालाच हसलात. मुलाखत झाली असं समजा. सोमवारी रुजू व्हा.