घोडा दारात अडला

शनिवारी सकाळी कॉम्प्युटरवरच्या नव्या खेळातला घोडा दारात अडला आणि साहेबांनी सगळ्यांची सुट्टी रद्द केली.

खरं तर त्या खेळात घोडा नव्हताच. एक माणूस गावात घरोघरी जाऊन हरवलेली मांजर शोधतो, एवढाच खेळ. पण मालकांना तो दाखवायची तारीख तोंडावर आली आणि साहेबांना आंघोळ करताना घोडा सुचला.

"चालत कोण जातं हल्ली?" साहेब म्हणाले.

घोडा आला. त्याच्यावरून उतरायची सोय करायला मात्र वेळ उरला नाही. त्यामुळे माणूस घोड्यासकट घरात शिरायला लागला आणि अडकला.

"उतरायची सोय करू का?" प्रोग्रॅमरने विचारलं.

"उतरणं खेळाच्या दुसऱ्या भागात घेऊ. आत्ता दार मोठं करा. पाच मिनिटांचं काम आहे."

दार मोठं केलं, तर ते छपराच्या वर गेलं. मग घर वाढवलं. त्या घरासमोर माणूस उंदराएवढा दिसायला लागला, म्हणून माणूस वाढवला. घोड्यावर बसला की त्याचे पाय जमिनीला घासायला लागले, म्हणून घोडा वाढवला. घोडा दारात अडला.

"म्हणजे होतो तिथेच आलो," चित्रं काढणारी मुलगी म्हणाली.

"छे! सगळं मोठं झालंय. याला प्रगती म्हणतात," साहेब म्हणाले आणि मीटिंग घ्यायला गेले.

प्रोग्रॅमर आज बायकोला घेऊन समुद्रावर जाणार होता. ही सहल आधी एका जुन्या खेळातल्या राक्षसाच्या शेपटीपायी रद्द झाली होती, नंतर पावसाच्या आवाजापायी. बायकोने या वेळी फोनची वाट बघितली नाही. ती पिशवी भरून सरळ ऑफिसात आली.

"हे कुठे आहेत?"

चित्रकार मुलीने टेबलाखाली बोट दाखवलं. तिथे खुर्चीची उशी डोक्याखाली घेऊन प्रोग्रॅमर आडवा झाला होता.

"उठा. बस निघेल."

"अगं, घोडा अडलाय."

"कुणाचा?"

"साहेबांचा."

"मग साहेब काढतील."

तेवढ्यात साहेब आलेच. "वहिनी, फक्त आजचा दिवस..."

"शेपटीच्या वेळीही हेच म्हणाला होतात." तिने कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या गावाकडे पाहिलं. "घरांमागे ही नदी आहे ना?"

"हो."

"आणि होडी नाही?"

प्रोग्रॅमरने कपाळावर हात मारला. साहेबांचे डोळे चमकले.

"होडी! कसं सुचलं नाही आपल्याला? आत्ताच्या आत्ता होडी घाला!"

"हे काय घालणार?" बायको म्हणाली. "ह्यांनी होडी पाहिलीय कुठे? पाण्यावर टेबल तरंगवतील. समुद्रावर जाऊन नीट बघून यायला हवं."

साहेब विचारात पडले. प्रोग्रॅमर गुपचूप बूट चढवायला लागला.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पण एकट्यानेच कशाला? सगळेच जाऊ. बसमध्ये मीटिंगही होईल!"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने बुटाच्या नाडीकडे पाहिलं.

बस सुटताच साहेब मधल्या वाटेत उभे राहिले. "तर मंडळी, होडीला वल्ही किती..." एवढं बोलून ते टेकायला म्हणून प्रोग्रॅमरच्या शेजारी बसले आणि घोरायला लागले. मागच्या बाकांवरची मंडळी त्याआधीच कलंडली होती. साहेबांचं डोकं प्रोग्रॅमरच्या खांद्यावर आलं आणि प्रोग्रॅमरचं बायकोच्या.

शेवटच्या थांब्यावर समुद्र समोरच होता. ड्रायव्हरने हाक मारली. हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. बायकोने नवऱ्याच्या नाकावरून घसरणारा चष्मा काढून हातात धरला आणि ती तशीच खिडकीतून पाणी बघत बसली.

ड्रायव्हर जवळ आला. एकेकाचा चेहरा पाहून त्याने आवाज खाली आणला.

"ताई, माणसं आजारी आहेत का हो?"

"नाही हो," ती म्हणाली. "खेळ बनवतात."