सदर पदार्थ जेवण नव्हे

एका जंगलात जेवणाच्या तीन पंगती बसत. या गोष्टीत राजपुत्र नाही, राक्षस नाही, शापही नाही. नुसती पंगत आहे. पण बाळांनो, शापाला निदान उतारा असतो.

पहिली पंगत थोरांची. थोर म्हणजे कोण? जे आधी जन्मले ते. याहून वेगळं त्यांनी काही केलेलं नव्हतं, पण तेवढ्यावर त्यांचं छान चाललं होतं.

दुसरी पंगत थोरांच्या मुलांची, जावयांची आणि थोर शिंकले तरी "वा!" म्हणणाऱ्यांची.

तिसरी पंगत कामाची. सरपण आणणारे, पाणी भरणारे, दळणारे, वाटणारे, उष्टी काढणारे.

नियम एकच होता. वरची पंगत जेवून उठल्याशिवाय खालच्या पंगतीनं जेवायचं नाही. त्यामुळे तिसऱ्या पंगतीला जेवण मिळायचं तिन्हीसांजेला. गार, आणि बहुतेक करून तळाला लागलेलं.

एवढा उशीर का व्हायचा? ताटामुळे.

थोरांचं ताट सोळा पदार्थांचं. चार चुली, सोळा भांडी, चार तास. प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली. वर मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड. मग चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. डावीकडचं उजवीकडे गेलं तर अनर्थ होतो, असं थोर सांगत. कसला अनर्थ, ते कुणी विचारत नसे. विचारणाऱ्याला तिसऱ्या पंगतीत पाठवत, आणि जे आधीपासून तिथेच होते त्यांच्यात विचारण्याइतका जोर नसायचा.

पंगतीचे मुख्य आबासाहेब वाघ. दात होते तोवर आबासाहेबांनी हरणं खाल्ली. दात पडले तेव्हा त्यांना करुणा आली. त्यांनी शाकाहाराचं व्रत घेतलं आणि लगोलग सगळ्या जंगलाला देऊन टाकलं.

त्यांच्या शेजारी मोरगुरुजी, पाकशाळेचे प्रमुख. जन्मात चूल पेटवली नव्हती, कारण धुरानं पिसारा काळवंडतो. पण चुलीवर बोलायला लागले की तीन तास.

तिसरे अस्वलकाका. त्यांचं काम अनुमोदन देणं.

या सगळ्यांचं रांधायची साळूआई. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असलेली. चाळीस वर्षं तिनं चार चुली सांभाळल्या आणि चाळीस वर्षं तिसऱ्या पंगतीत जेवली. एवढे काटे असून एकदाही तिनं ते फुलवले नाहीत. हा तिचा मोठा गुण आहे, असं वाघ सांगे.

तिची मुलगी सोनकी. हिला आईनं पाकशाळेत घातलं होतं. पहिल्या वर्षी लिंबाची फोड कुठे ठेवावी हे शिकवलं. दुसऱ्या वर्षी ती तिथेच का ठेवावी हे. चुलीजवळ जायला मिळणार होतं सहाव्या वर्षी. सोनकी दुसऱ्याच वर्षी उठून घरी आली.

"पोरगी वाया गेली," मोरगुरुजी म्हणाले.

पोरीच्या तोवर आईच्या हाताखाली हजारभर भाकऱ्या थापून झाल्या होत्या. पण त्याला शिक्षण म्हणत नाहीत.

मग साळूआईला ताप भरला. तीन दिवस सोनकी तिच्या उशाशी आणि चुली थंड. थोरांनी तीन दिवस केळी, पेरू आणि मध यांवर काढले आणि त्याला त्याग म्हटलं. तिसऱ्या पंगतीनं कशावर काढले, हे विचारायचं नसतं.

चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला. साळूआई म्हणाली, "भूक लागलीय गं."

वैद्यबुवा कासवानं नाडी पाहिली. "सूर्य डोक्यावर यायच्या आत हिच्या पोटात गरम काहीतरी पडलं पाहिजे. संध्याकाळपर्यंत थांबलात तर मग मला बोलवू नका. मी हळू चालतो."

सोनकीनं पेज करून आणली. आईनं तोंड फिरवलं.

"थोर जेवले?"

"आई, तू आजारी आहेस."

"चाळीस वर्षं त्यांच्याआधी घास घेतला नाही. आता मरताना घेऊ होय?"

"नाही घेतलास तर मरशीलच ना!"

"मग नियमात मरेन."

अशा आया असतात, बाळांनो. त्यांच्याच जिवावर वाघ म्हातारे होतात.

सोनकीचे काटे उभे राहिले. पण काटे फुलवून आई जेवणार नव्हती. आई जेवायची तर आधी थोर जेवायला हवेत. थोर जेवायचे तर सोळा पदार्थ हवेत, म्हणजे चार तास. आणि सूर्य तर केव्हाच कासराभर वर आला होता.

त्या जंगलाच्या कडेला शहरातली माणसं सहलीला येत. निसर्गावर प्रेम करत आणि कचरा टाकून परत जात. त्या कचऱ्यात सोनकीला मागे न फोडलेली दोन पाकिटं मिळाली होती. पास्त्याची. पास्ता म्हणजे गव्हाची वाळवलेली नळी. शेवईला कुणी आतून पोकळ केलं आणि जरा गर्व दिला की झाला पास्ता.

तिनं एकच चूल पेटवली. तिच्यावर एकच पातेलं ठेवलं. तेलात लसूण ठेचून टाकला. लसूण तांबूस झाल्यावर ओंजळभर सोलाणे टाकले, म्हणजे ओल्या हरभऱ्याचे हिरवे दाणे. त्यावर नळ्या, मीठ, मिरपूड आणि नळ्या बुडतील इतकंच पाणी. वर झाकण. पाणी फेकायचं नाही. नळ्या त्यातच शिजतात, पाणी आटतं आणि त्याचाच दाटसर रस होतो. पातेलं खाली उतरवल्यावर तिनं लिंबाची पिवळी साल किसून घातली आणि दोन लिंबं पिळली. चुलीवर असताना लिंबू घातलं की कडवट होतं. हे तिला आईनं सांगितलं होतं. पाकशाळेत तो धडा सातव्या वर्षी येतो.

सगळं मिळून अर्धा तासही गेला नाही.

थोर पानांवर येऊन बसले. सोनकीनं प्रत्येकाच्या पानावर एकेक ढीग वाढला. वाफा निघत होत्या.

आबासाहेब पानाकडे बघत राहिले. "हे काय? बाकीचे पंधरा कुठायत?"

"सगळे यातच आहेत."

"लिंबू कुठाय?"

"आत."

"आत म्हणजे कुठे?"

"सगळ्या नळ्यांना लागलंय, आबासाहेब."

"लिंबाची जागा डावीकडे वर!" वाघ गुरगुरला. "आणि ही उसळ भातात काय करतेय?"

"भात नाही तो."

"जे मध्ये असतं तो भात!"

मोरगुरुजींनी मान उंचावली. "आबासाहेब, हा पोरखेळ समजू नका. आज डावं-उजवं एका पातेल्यात शिजलं. उद्या तिन्ही पंगती एका ओळीत बसतील."

"अनुमोदन," अस्वलकाका म्हणाले. शब्द नीट उमटला नाही, कारण तोंडात पास्ता होता.

"काका!"

"मी फक्त गुन्हा तपासतोय."

मग तपास सुरू झाला. मोरगुरुजींनी चोचीनं एकेक सोलाणा वेचून उजवीकडे ठेवला. नळ्या मध्ये ओढल्या. लिंबू काही केल्या डावीकडे जाईना. ते रसात होतं आणि रस नळीच्या पोटात होता. गुरुजींनी एक नळी चोखली. थांबले. दुसरी चोखली.

"निघालं का लिंबू?" वाघानं विचारलं.

"अजून थोडं आहे," गुरुजी म्हणाले आणि तिसरी उचलली.

मग आबासाहेबांनीही तपास केला. बिनदातांच्या तोंडात नळ्या मऊसूत जात होत्या. चार वेळा त्यांनी पान पुढे केलं. शेवटी अस्वलकाकांनी पातेल्यात डोकं घालून तळाचा तपास केला.

आबासाहेबांनी लांबलचक ढेकर दिली. सोनकीनं वर पाहिलं. सूर्य डोक्यावर यायला थोडा अवकाश होता.

"झालं ना जेवण?" तिनं विचारलं. "मग आईला वाढते."

"जेवण?" वाघ म्हणाला. "कुणाचं जेवण?"

"तुमचं. आत्ताच झालं की."

"याला जेवण म्हणतात? जेवण चार तासांचं असतं. सोळा पदार्थांचं असतं. आम्ही नुसती चव पाहिली."

"चारदा?"

"न्याय करायचा तर घाई करून चालत नाही. जा, चारी चुली पेटव. आमचं जेवण व्हायचंय अजून."

"आणि आई?"

"नियम तिला ठाऊक आहे," आबासाहेब मायेनं म्हणाले. "गुणी आहे ती."

सोनकीच्या अंगावरचा एकूण एक काटा ताठ झाला. एक काटा पुरला असता, बाळांनो. वाघाला दातही नव्हते. पण मग एकदम तिचे काटे खाली बसले.

"म्हणजे हे जेवण नव्हेच?" तिनं विचारलं.

"नव्हे!"

"कधीच नव्हे? कुणासाठीच नव्हे?"

"त्रिवार नव्हे!"

"मग तसं लिहून द्या. मला अक्कल कमी. मी विसरेन."

आपलं म्हणणं लिहून मागितलं की थोर विरघळतात. मोरगुरुजींनी स्वतःचं पीस उपटून ठराव लिहिला. 'सदर पदार्थ जेवण नव्हे, नव्हता व नसेल.' आबासाहेबांनी पंजा उमटवला. अस्वलकाकांनी अनुमोदन दिलं आणि मिशीला लागलेला सोलाणा खाल्ला.

सोनकीनं दुसरं पाकीट फोडलं. पुन्हा तेच पातेलं, तीच चूल. पान घेऊन ती आईपाशी गेली तेव्हा झाडांच्या सावल्या बुंध्याला येऊन टेकल्या होत्या.

"थोर जेवले?" साळूआईनं डोळे न उघडता विचारलं.

"नाही."

"मग ने ते परत."

"आई, हे जेवण नाही. हा बघ ठराव. पंजा ओळखतेस ना?"

साळूआईनं डोळे उघडले. पंजा पाहिला. त्या पंजाची जेवणं तिनं चाळीस वर्षं रांधली होती.

"जेवण नाही, मग काय आहे?"

"ते त्यांनी लिहिलेलं नाही."

साळूआईनं एक नळी तोंडात घातली. मग दुसरी. मग पान रिकामं करून पुढे केलं.

त्या दिवसापासून तिसरी पंगत भर दुपारी गरम गरम 'जेवण नव्हे' खाऊ लागली. पाकिटं संपली तेव्हा सोनकीनं कणीक मळली, आपल्याच काट्यांवर गुंडाळून नळ्या वळल्या आणि उन्हात वाळवल्या. मग त्याच हातांनी ती चारी चुली पेटवी. थोर सोळा पदार्थांची वाट बघत ताटकळत बसत. लिंबाचा आणि लसणाचा वास त्यांच्या नाकापर्यंत येई, आणि तिन्हीसांजेला पानावर आलेले सोळा पदार्थ मग गोड लागेनात. पण नियमानं त्यांना काही करता येईना. वरच्या पंगतीआधी कुणी जेवायचं नाही. आणि हे तर जेवण नव्हतं.

महिन्याभरात सरपण आणणाऱ्यांच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. आबासाहेबांच्या दिसू लागल्या.

ठराव मागे घ्यावा तर चूक कबूल करावी लागते. थोर मरतात, पण ते करत नाहीत. मग मोरगुरुजींनी जुन्या पोथ्या काढल्या आणि आठ दिवसांनी जाहीर केलं की एका भांड्यात कणीक आणि कडधान्य शिजवण्याची विद्या आपल्या पूर्वजांचीच आहे. तसे तिसऱ्या पंगतीतले लोक उरलेल्या वरणात कणकेचे तुकडे सोडून पिढ्यान् पिढ्या खात आले होते. पण पोथीत लिहिलं होतं, 'पूर्वज'.

सोनकीचा सत्कार ठरला. उंबराखाली सभा भरली. शाल होती, नारळ होता, पहिल्या पंगतीत एक पाट होता. आबासाहेब बोलायला उभे राहिले.

"ही आपली पोर! आम्हीच घडवलेली! हा थोर पदार्थ आजपासून ताटातला सतरावा पदार्थ होईल. उजवीकडे, उसळीखाली, एक चमचा! आजपासून हे जेवण!"

टाळ्या पडल्या. तिसऱ्या पंगतीनंसुद्धा वाजवल्या. टाळ्या वाजवायची सवय लवकर सुटत नाही. सोनकीनं मागे पाहिलं. मागच्या ओळीत आई बसली होती, गालांवर रंग आलेला. हे 'जेवण' ठरलं की आई पुन्हा तिन्हीसांजेला खरवड खाणार होती.

शाल खांद्यापाशी आली. सोनकी मागे सरकली.

"आबासाहेब, मी लायक नाही."

"विनय! वा!" दुसरी पंगत म्हणाली.

"विनय नाही. तो पदार्थ भिकार आहे. डावं-उजवं कळत नाही त्याला. अर्ध्या तासात जे होतं त्यात कसली आलीय संस्कृती? मी वाया गेलेली पोरगी, अर्धवट शिकलेली. चार चुली झेपत नाहीत म्हणून एकीवर उरकते. गुराचा चारा आहे तो! असलं काही थोरांच्या ताटात पडलं तर पूर्वज काय म्हणतील? गुरुजी, तुमचा पहिला ठराव शहाणा होता. तुम्ही कधी चुकलात का?"

मोरगुरुजींचे डोळे पाणावले. दोन वर्षं शिकवून जे झालं नव्हतं ते आज झालं होतं.

"सुधारली," ते म्हणाले. "पोरगी सुधारली."

आबासाहेबांच्या पोटात कावळे ओरडत होते. पण आपण कधी चुकत नाही, हे ऐकताना भूक लागलेली कळत नाही. त्यांनी शाल घडी करून स्वतःच्या खांद्यावर टाकली. पहिला ठराव कायम झाला. अस्वलकाकांनी अनुमोदन दिलं, पण त्यांचा आवाज रडका होता.

सोनकी मुदपाकखान्यात परतली आणि झाकण काढून पानं मांडू लागली. मागोमाग साळूआई आली.

"चारचौघांत चारा म्हणालीस."

"म्हणाले."

"मी वळलेल्या नळ्या होत्या आजच्या."

"माहीत आहे."

साळूआई पानावर बसली. बाहेर सोळा पदार्थांची वाट बघत पहिली पंगत खोकत होती. तिनं तिकडे पाहिलं, मग पातेल्याकडे.

"वाढ," ती म्हणाली. "आणि लिंबू पीळ वरून. हात आखडू नकोस."

तात्पर्य: थोरांनी आपल्या कामाला नावं ठेवली तर त्यांच्या पाया पडावं आणि ते लेखी घ्यावं. ते शाल घेऊन आले तर आधी पातेल्यावर झाकण ठेवावं.