रंग काही

हर्सूलच्या रस्त्यावरच्या बांधबंदिस्ती कचेरीची जुनी पाटी उर्दूत होती. मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यावर ती काढून मराठी पाटी लावा, असा हुकूम आला. पाटीवर काय लिहायचं ते हुकमात होतं. पाटी कशाची करायची, तिला रंग कोणता द्यायचा, याबद्दल मात्र चकार शब्द नव्हता. आणि नवा नियम नसला की जुना लागू, हे सरकारी कचेरीतला पंखासुद्धा सांगेल.

जुना नियम निजामाच्या वेळचा होता. पोलीस अॅक्शननंतर कुणीतरी घाईघाईनं तो देवनागरीत उतरवून ठेवला होता. अक्षरं बदलली, शब्द तेच राहिले.

हंगामी हेडक्लार्क दत्तोपंत नगरहून नुकतेच इथं आले होते. सोमवारी मुंबईचे तपासणीसाहेब येणार होते. त्यांचा शेरा चांगला पडला तर दत्तोपंत नोकरीत कायम होणार होते, कायम झाले तर राहायला सरकारी खोल्या मिळणार होत्या, आणि खोल्या मिळाल्या तरच पत्नीला, अंबिकाबाईंना, नगरहून आणता येणार होतं. खानावळीच्या वरणात डाळ शोधून दत्तोपंत अगदी कातावले होते. त्यामुळे पाटी नियमाबाहेर केसभरही जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांनी कारभारी पेंटरला बोलावून नियम वाचून दाखवला. "तख्ता बर्मी सागवान. रंग काही. हुरूफ सफेद."

"हुरूफ म्हंजी अक्षरं, ती पांढरी. तख्ता म्हंजी फळी," कारभारी म्हणाला. "रंग कोन्ता म्हनले?"

"काही."

"व्हय, पन कोन्ता?"

"काही असं लिहिलंय."

"काय लिव्हलंय?"

"काही!"

"आवो, काही लिव्हलंय ते कळलं. काय लिव्हलंय ते इचारतोय मी!"

दत्तोपंतांनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "आधी फळीचं बघू," ते कपाळ पुसत म्हणाले.

"बर्मी सागवान आता कुटं मिळतंय साहेब? त्ये यायचं बंद होऊन जमाना झाला. जस्ती पत्र्यावर करू. लई टिकंल."

"नियमात पत्रा नाही!"

सगळ्या कचेरीत बर्मी सागवान एकाच ठिकाणी होतं, ते म्हणजे कचेरीचे अधिकारी नानासाहेब यांच्या टेबलाला. टेबलही निजामाच्याच वेळचं. नानासाहेबांनी आधी नाही म्हटलं, मग तपासणीची आठवण झाल्यावर उसासा सोडला आणि स्वतःच दौत उचलून बाजूला ठेवली. कारभारीनं वरची फळी सोडवून नेली. उरलेल्या चार पायांवर नानासाहेबांनी घरून आणलेली चादर ताणून बसवली आणि लांबून पाहिलं. टेबल होतं तसंच दिसत होतं. फक्त त्यावर हात टेकता येत नव्हता.

आता रंग. 'रंग काही' म्हणजे काहीतरी रंग द्यावा, असा अर्थ दत्तोपंतांनी लावला. कारभारीच्या डब्यात जांभळा उरलेला होता, तो त्यानं लावायला घेतला. निम्मी फळी रंगवून होते न होते तोच नानासाहेब धावत बाहेर आले.

"थांबवा! दत्तोपंत, काही म्हणजे थोडा! रंग काही, म्हणजे फळीच्या काही भागाला रंग. बाकीची तशीच ठेवायची."

"मग बाकीच्या भागावर पांढरी अक्षरं दिसतील का, साहेब?"

"ते नियम करणारानं बघावं," नानासाहेब म्हणाले आणि आत जाऊन सवयीनं टेबलावर कोपर टेकायला गेले. चादरीसकट ते खाली गेल्याचा आवाज बाहेर ऐकू आला, पण कुणी विचारायला गेलं नाही.

अर्धी जांभळी फळी ओसरीत उभी राहिली. शेजारच्या दोरीवर कारभारीनं हात पुसायच्या चिंध्या वाळत टाकल्या होत्या: एक लाल, एक पिवळी, एक निळी. येणारेजाणारे थबकून पाहू लागले. दुपारी हर्सूलच्या चतुराबाई काखेत बोचकं मारून थेट ओसरीवर चढल्या आणि त्यांनी एक पांढरं लुगडं दत्तोपंतांच्या पुढ्यात टाकलं.

"घ्या हो रंगारीदादा. रंगारगल्लीपरीस हे जवळ पडंल मला."

"बाई, ही सरकारी कचेरी आहे!"

"आता सरकार बी लुगडी रंगवाया लागलं का? बरं झालं. मला काही रंग पायजे."

दत्तोपंतांचा चेहरा रडवेला झाला. "बाई, तुम्हीसुद्धा? कुठला तरी एक सांगा की!"

"सांगितला न्हवं! काही."

"म्हणजे कुठलाही चालेल?"

"कुठलाही कसा चालंल? नातीच्या लग्नात नेसायचंय मला."

"मग थोडंसंच रंगवायचं का?" नानासाहेबांनी दारातून विचारलं.

"थोडं कशापायी? आख्खं रंगवा! काही म्हंजी काही! गवतावानी गडद हिरवा! तुमच्या गावाकडं रंगांला नावं नसतेत का?"

 मग दत्तोपंतांनी चतुराबाईंना चक्क वाकून नमस्कार केला. तो त्यांनी घेतला, पण हा रंगारी डोक्यानं अधू दिसतो म्हणून लुगडं मात्र उचलून नेलं.

सोमवारी तपासणीसाहेब आले तेव्हा दारावर गडद हिरवी पाटी झळकत होती. साहेब आत आले आणि त्यांनी आपली हॅट नानासाहेबांच्या टेबलावर ठेवली. हॅट सावकाश चादरीत बुडाली आणि दिसेनाशी झाली.

"नानासाहेब, तुमचं टेबल कुठे आहे?"

"दारावर आहे, साहेब."

साहेबांनी नानासाहेबांकडे पाहिलं, मग दाराकडे. दत्तोपंत पुढे झाले आणि त्यांनी सगळं सांगितलं. साहेब पहिल्या फटक्यात गोंधळले, दुसऱ्या फटक्यात जास्त गोंधळले, पण नियमासाठी टेबलाचा बळी देणारी कचेरी त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. ते खूश झाले.

"हेडक्लार्क हुशार आहेत. यांना कायम करायला तुमची हरकत नसेल तर तसं मोठ्या कचेरीला कळवा," ते नानासाहेबांना म्हणाले. मग जाता जाता त्यांनी टंकलेखक हेमचंद्र यांच्याकडे बोट केलं. "आणि हा घोळ पुन्हा नको. यापुढे 'काही' हा शब्द काढायचा. त्या जागी 'हिरवा' लिहायचं."

"जी," हेमचंद्र म्हणाले.

हेमचंद्र फार आज्ञाधारक होते. हुकूम पाटीच्या नियमापुरता आहे की सगळ्या कागदांना, असला प्रश्न त्यांना पडला नाही. दुसऱ्या दिवसापासून कचेरीतून जाणाऱ्या पत्रांत हिरव्या बांधांना भेगा पडू लागल्या आणि हिरवे शेतकरी अर्ज घेऊन येऊ लागले. लिंग-वचन पाहून ते हिरवा, हिरवी, हिरवं असा बदलही चोख करत. नानासाहेब वाचून सही करणाऱ्यांपैकी नव्हते. दत्तोपंतांनी वाचलं असतं, पण ते रजा टाकून अंबिकाबाईंना आणायला नगरला गेले होते.

बायकोला, दोन ट्रंकांना आणि लोणच्याच्या बरणीला घेऊन ते परतले, तेव्हा मोठ्या कचेरीचं उत्तर येऊन पडलं होतं. अंबिकाबाईंना ओसरीवर ट्रंकेवर बसवून दत्तोपंतांनी ते हसतमुखानं उघडलं.

'श्री. दत्तोपंत यांना कायम करण्यास आपली हिरवी हरकत नाही, असे आपण कळविले आहे. त्याअर्थी अन्य रंगांच्या हरकती असाव्यात असे दिसते. त्या कोणकोणत्या रंगांच्या आहेत, याचा खुलासा करावा. तोपर्यंत त्यांस हंगामीच समजावे व सरकारी खोल्या देऊ नयेत.'

दत्तोपंतांनी ते पुन्हा वाचलं. बाहेर अंबिकाबाई विचारत होत्या, "अहो, खोल्या कुठल्या बाजूला आहेत आपल्या?" ते धावतच टंकलेखकाच्या खोलीत गेले.

"हेमचंद्र! अहो, हे काय केलंत तुम्ही?"

हेमचंद्रांनी यंत्रावरची बोटं थांबवली आणि निरागसपणे वर पाहिलं.

"मी? मी तर हिरवं केलं नाही!"