लोकरीच्या मोज्यातली डिस्क

सर्बियातल्या चाचाक गावात संगणकाची नाडी आपल्याइतकी कुणालाच कळत नाही, असं वुकोमानचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं.

"दहा मिनिटांत सांगतो, डिस्क म्हातारी झालीय की नाही," तो देसांका मावशीला म्हणाला. "तोवर कशाला हात लावायचा नाही."

प्रकरण नाजूक होतं. त्याचा कूम मिओद्राग, ज्याच्या लग्नात तो साक्षीला उभा राहिला होता, त्याच्या त्या लग्नाचं सगळं चित्रण या एकाच डिस्कवर होतं. दुसरी प्रत काढायची राहून गेली होती. आणि चार वाजता मिओद्राग सासूला घेऊन ती न्यायला येणार होता.

नवी असताना डिस्क सेकंदाला पाचशे मेगाबाइट लिहायची. वुकोमानने खिडकी उघडली, चाचणी लावली. पाचशे दहा! तो ऐटीत स्वयंपाकघरात गेला, कॉफी घेऊन आला. अडतीस.

हात लावून पाहिला, तर डिस्क लाजल्यासारखी गरम. तो समोर बसून राहिला. हळूहळू पुन्हा पाचशे दहा. उठून गेला, एकतीस. बसला, पाचशे दहा.

वुकोमानने मिओद्रागला फोन लावला.

"कूम, हसू नकोस. डिस्कला माणूस ओळखू येतो."

"किती प्यालास?"

"थेंब नाही. मी बसलो की धावते, उठलो की हातपाय गाळते."

"माझी सासू अशीच आहे," मिओद्राग हळूच म्हणाला. "लग्न जागेवर आहे ना?"

"मी बसलोय तोवर आहे."

मग फोन ठेवून वुकोमानने जातोय असं भासवलं आणि दाराच्या फटीला डोळा लावला. मावशी चवड्यांवर आली. खिडकी लावली. एप्रनच्या खिशातून करडा लोकरीचा मोजा काढला आणि डिस्कला घातला.

"मावशी."

मावशी दचकलीसुद्धा नाही. "उघडंनागडं लेकरू खिडकीतल्या वाऱ्याच्या झोतात ठेवलंस. अशाच झोताने तुझ्या मामाची कंबर गेली. तुझी पावलं वाजली की मोजा काढून खिडकी उघडत होते."

"अगं, तापली की जळू नये म्हणून ती आपण होऊन मंद होते. तू तिला उकडत होतीस. हा आकडा बघ, चौऱ्याहत्तर अंश."

"चौऱ्याहत्तर ताप?" मावशीने छातीवर क्रूसाची खूण केली. "आणि तू कॉफी पितोयस?"

वुकोमान खिडकी पुन्हा उघडून आडवा येईपर्यंत तिने मोजा राकियात, आलुबुखारच्या कडक दारूत, बुडवून, पिळून, डिस्कला गुंडाळलाही होता. तीन पिढ्यांचे ताप तिने असेच उतरवले होते. वुकोमानने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ताप एकतीसवर होता आणि वेग पाचशे साठ. नवी असतानाही ती कधी इतकी धावली नव्हती. तो देवळात बसावा तसा हात जोडून बसून राहिला. साडेतीनला प्रत तयार झाली.

चारला मिओद्राग आला. डिस्क हातात घेतली, हुंगली, आणि वुकोमानकडे पाहिलं.

"थेंब नाही म्हणालास ना?"

"मी नाही, कूम. ती प्यालीय."

सासूबाई खुर्चीत बसल्या. वुकोमान उठला आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने त्याने त्यांच्या कंबरेवर झोत सोडणारी मागची खिडकी लावून घेतली.