इमानी कुत्र्याच्या पाटीतली चूक

“चल साहेब, पुतळा बघायला जाऊ,” असं काका कुत्र्याला म्हणाले, तेव्हा ते खोटं बोलत होते. पुतळा होता, शेजारच्या गावात होता, कुत्र्याचाच होता. खोटं होतं ते ‘जाऊ’च्या पुढचं न बोललेलं ‘येऊ’. जायचं दोघांनी आणि परत यायचं एकट्याने, असा बेत होता.

काकांनी अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. गल्ली त्यांना काना-मात्रा काका म्हणे. काकूंनी फ्रिजवर लावलेल्या चिठ्ठ्यासुद्धा ते तांबड्या पेन्सिलीने तपासून पुन्हा जागेवर लावत. काकू मुद्दाम चुका करत, हे त्यांना कधी कळलं नाही. शेवटची चिठ्ठी चार महिन्यांपूर्वीची, दवाखान्यात जातानाची: ‘साहेबाला ऊपाशी ठेऊ नका. येतेच.’ पहिल्या वाक्यात दोन चुका. काकांनी त्या तशाच ठेवल्या आणि अगदी शुद्ध लिहिलेला ‘येतेच’ तेवढा खोडला. खरी चूक तिथे होती.

साहेबाला वाचता येत नव्हतं, म्हणून तो वाट पाहत राहिला. रोज संध्याकाळी साडेसहाला, दारातल्या पायपुसण्यावर. साहेब हे नाव काकूंनीच ठेवलेलं. नुसता लोळतो आणि कुणाचं ऐकत नाही म्हणून. आता तो दोन घास कसेबसे खाई, तेही काकांनी पाठ फिरवल्यावर. जिन्यात पाऊल वाजलं की त्याचे कान टवकारत. काकांचेही. ते काकांना सोसवेना. ज्या गावाने कुत्र्याचा पुतळा उभारला, ते गाव जिवंत कुत्र्याला दोन बिस्किटं तरी घालेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

पुतळा चौकात होता. सिमेंटचा, बसस्टँडकडे तोंड करून बसलेला, एक कान कुणीतरी घरी नेलेला. काकांनी दोरी कठड्याला बांधली, “दोन मिनिटांत येतो हं,” म्हणाले, आणि निघता निघता सवयीने दगडात कोरलेली पाटी वाचली.

‘या इमानी कुत्र्याने अकरा वर्षे आपल्या मालकाची वाट लावली.’

काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लावलीच होती.

ते तडक बसमध्ये जाऊन बसले. कुत्रं सोडून जाणं त्यांना कसंबसं जमत होतं. चूक सोडून जाणं जमेना. बस सुरू झाली तसे ते उठले. “थांबवा! थांबवा!”

“काय राहिलं, काका?” कंडक्टरने विचारलं.

“क्रियापद.”

“महागाचं होतं का?” म्हणत कंडक्टरने घंटी मारली.

काका चौकात पोचले, तर कठड्याभोवती ही गर्दी. औषधदुकानदार त्यांच्या कानाशी लागला. “हळू बोला. मालक वारला याचा.”

“कधी?”

“मगाशीच. बसखाली.”

“आधी तुम्ही हार्ट अटॅक म्हणत होता,” न्हावी म्हणाला.

“आधी तोच आला. मग बसखाली गेले.”

काकांना ऐकून वाईट वाटलं. बेकरीवाली डोळे पुसत साहेबापुढे बिस्कीट धरून उभी होती. “बघा ना, अन्नाला शिवत नाही मुकं जनावर! गावाला दुसरा पुतळा लागणार.”

“याच कठड्यात मावतील दोघं,” न्हावी पावलं टाकून मोजत म्हणाला.

“अहो, याचा मालक मी आहे,” काका म्हणाले.

गर्दीने काकांकडे पाहिलं, मग साहेबाकडे. साहेबाने तोंड फिरवलं.

“ओळखत नाही तो तुम्हाला.”

“ओळखतो. म्हणूनच बघत नाही.”

“मग वारलं कोण?” औषधदुकानदाराने जरा रागानेच विचारलं.

“माझी बायको.”

चार महिन्यांत काकांनी हे वाक्य पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. त्यात एकही चूक नव्हती.

गर्दी पांगली. मालक जिवंत निघाल्यावर थांबण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं. बेकरीवालीने बिस्कीट बरणीत परत टाकलं. एकटा पुतळ्याचा राखणदार राहिला, म्हातारा, हातात बादली आणि फडकं.

काकांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली आणि ‘लावली’वर काट मारली. “अहो, इथे ‘पाहिली’ हवं. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही?”

“पाटी कोण वाचतंय? लोक फोटो काढतात आणि जातात.” राखणदाराने फडकं पिळलं. “आणि चूक नाही ती. कोरणाऱ्याला मीच तसं सांगितलं.”

“का पण?”

“या पुतळ्यातल्या कुत्र्याचा मालक मी.”

“तो तर मेला म्हणतात.”

“गावाला तसं बरं वाटतं, मी कशाला मोडता घालू? परगावी नोकरी लागली, तिथल्या खोलीत कुत्रं चालणार नव्हतं. इथंच बांधलं आणि दोन मिनिटांत येतो म्हटलं. अकरा वर्षांनी आलो तर हा बसलेला. सिमेंटचा. मला कुणी ओळखलं नाही. पाटी तेवढी व्हायची होती.” त्याने पुतळ्याचा उरलेला कान पुसला. “वाट यानं पाहिली, ते दिसतंच. लागली कुणाची, ते कुठंतरी लिहायला नको?”

काका पुन्हा पाटीकडे वळले. एखादा खोडलेला शब्द तसाच राहू द्यायचा असेल, तर प्रुफं तपासणारे त्याच्याखाली टिंबं देतात. काकांनी ‘लावली’च्या खाली टिंबं दिली. मग दोरी सोडायला वाकले. गाठ त्यांनी फारच मनापासून मारली होती. शेवटी दोघा म्हाताऱ्यांनी आळीपाळीने दात लावले, तेव्हा कुठे ती सुटली.

“अर्ध्या तासात आलात,” राखणदार म्हणाला. “माझ्यापेक्षा बरं.”

साडेसहाला साहेब पायपुसण्यावर हजर होता. काकांनी फ्रिजवरची चिठ्ठी काढली, खोडलेल्या ‘येतेच’च्या खाली एकेक करून टिंबं दिली आणि ती हातात घेऊन साहेबाशेजारी फरशीवर बसले. जिन्यात पाऊल वाजलं. दोघांचेही कान टवकारले. पाऊल वरच्या मजल्यावर गेलं.

साहेबाने चिठ्ठी हुंगली. मग काकांच्या डोळ्यांदेखत, जराही घाई न करता, तिचा एक लचका तोडून खाल्ला. काकांनी उरलेला कागद उजेडात धरला. नेमका ‘ऊपाशी’ गेला होता.

“‘ठेऊ’ पण चुकलंय,” काका म्हणाले आणि त्यांनी कागद पुन्हा पुढे केला.