वाघमारेसाहेबांना उशीर झाला

आमच्याकडे जेवणाचं आमंत्रण आठचं असलं, की वाघमारेसाहेब साडेसहाला दारात हजर. बायकोच्या केसांना टॉवेल, माझ्या अंगात नुसतं बनियन, आणि साहेब मिठाईचा बॉक्स पुढे करून म्हणणार, "चालू द्या तुमचं, मी बसतो." पण बसतील तर शपथ. मटार सोलतील, पाण्याचे ग्लास पुसतील. एकदा तर त्यांनी आमच्या गॅसची नळी बदलली. बाकीचे पाहुणे येतात तेव्हा दार साहेबच उघडतात.

"मार्जिन ठेवा, कदम, मार्जिन!" हा त्यांचा मंत्र. दरवर्षी जयंतीच्या कार्यक्रमाला ते हॉलचं कुलूप उघडायच्या आधी पोहोचतात आणि मग सगळ्या खुर्च्या स्वतःच मांडतात. विमानतळावर काउंटरवरची मुलगी त्यांना म्हणाली होती, "सर, तुमच्या आधीची दोन विमानं अजून जायची आहेत." "जाऊ द्या," साहेब म्हणाले, "मला घाई नाही."

मस्कतला अझैबात आमची इमारत आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, साहेब तिसऱ्या. साहेब एअर कंडिशनिंगचे इंजिनीअर. सगळी नोकरी थंडी तयार करण्यात गेली, आणि स्वतःला मात्र थंडी बिलकूल सोसत नाही. बाहेर डांबर वितळत असतं तेव्हा हे ऑफिसात स्वेटर घालून. विचारलं तर म्हणतात, "थंडी लोकांसाठी करायची असते, कदम. स्वतःला लावून घ्यायची नसते."

असा माणूस सत्तावन्नाव्या वर्षी समुद्राच्या तळाशी जायला शिकला.

ज्यांच्या गावात पाणी टँकरनं येतं, त्यांनी हे धंदे करू नयेत, असं माझं मत होतं. मी ते बोलूनही दाखवलं. पण त्यामागचं कारण आम्हाला ठाऊक होतं. त्यांची मुलगी संघमित्रा, घरातली मितू, नोकरीला स्कॉटलंडमध्ये. तिकडे डोंगरांच्या मध्ये शिरलेल्या समुद्राच्या गारठलेल्या खाड्या आहेत म्हणे, त्यात ती रविवारी बुड्या मारते. हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी बुड्या शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं. तलावावर रखवालदाराच्या आधी पोहोचायचे.

मितूची आई, शालिनीवहिनी, होत्या तोवर साहेबांच्या घरात बोलणं व्हायचं. मितू इथल्याच शाळेत वाढली, मराठी बोलताना तिला प्रत्येक शब्द शोधावा लागतो. साहेबांचं इंग्रजी ऑफिसच्या पत्रातलं, 'काइंडली नोट' छापाचं. मधे वहिनी. यांचं तिला सांगायच्या, तिचं यांना. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या आणि फोनवर उरलं ते एवढंच: "कशी आहेस?" "बरी. तुम्ही?" "बरा."

"पाण्याखाली कुणालाच बोलता येत नाही, कदम," साहेब मला एकदा म्हणाले. "सगळे सारखे."

या सप्टेंबरात मितू चार दिवसांसाठी आली. एक बुडी तिच्याबरोबर मारायची, हे साहेबांनी वर्षभर मनात धरलेलं. बंदर खैरानला सलीम नावाच्या त्यांच्या गुरूची बोट दुपारी तीनला ठरली. मितूचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी अकराचं. म्हणजे आज नाही तर पुढच्या वर्षी. मला बोटीत बसवायचं ठरलं होतं. "आम्ही खाली असताना वर कुणीतरी आपलं माणूस असावं," साहेब म्हणाले.

निघायचं एकला होतं. साहेबांचा अनुभव असल्यामुळे मी अकरालाच चपला घालून बसलो. एक वाजला, सव्वा झाला. शेवटी मीच वर गेलो. साहेब शांतपणे फुलझाडाला पाणी घालत होते. ते झाड प्लॅस्टिकचं आहे.

"साहेब, उशीर होतोय!" हे वाक्य या माणसाला म्हणायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"होऊ दे थोडा."

निघालो. दहा मिनिटांनी साहेबांना आठवलं की पाण्यातला चष्मा घरी राहिला. चष्म्याचा पट्टा मागच्या पिशवीतून लोंबताना मला दिसत होता. मी तो हाताने धरून दाखवला. "तो जुना," म्हणून गाडी परत. मग टायरमधली हवा. मग खैरान पूर्वेला असताना गाडी सरळ पश्चिमेला, सीबकडे.

"सलीमला हलवा न्यायचा. सीबचाच आवडतो त्याला."

"अहो, पण आत्ता?"

सीबच्या बाजारात सगळी शटर्स खाली. दुपारी एकला दुकानं बंद होतात ती चारला उघडतात, हे इथे आठवडाभर राहिलेल्यालाही कळतं. साहेब इथे सव्वीस वर्षं आहेत. बंद दुकानासमोर गाडी उभी करून म्हणतात, "उघडेल हो. इन्शाल्ला."

मागे मितू फोनमध्ये डोकं घालून बसलेली. साहेब उतरून शटरसमोर येरझाऱ्या घालू लागले, तशी ती पुढे वाकली. "काका, बाबा ओके आहेत ना? ही इज नेव्हर लेट."

मी "उन्हाचं असेल," असं काहीतरी पुटपुटलो. मला वाटलं, साहेब घाबरले. पोरीसमोर फजिती नको म्हणून चालढकल चाललीय. मी खाली उतरून हळूच म्हटलं, "साहेब, नसेल जमत तर राहू द्या. तिला सांगू, समुद्र खवळलाय."

"राहू द्या?" साहेब एवढ्या जोरात म्हणाले की सावलीत झोपलेली मांजर उठून गेली. "वर्षभर वाट बघितली मी, कदम!"

मग मला काहीच कळेना. चारला दुकान उघडलं, हलवा घेतला, आणि खैरानला पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. नागड्या तपकिरी डोंगरांच्या मध्ये घुसलेलं खाडीचं पाणी काळपट दिसायला लागलं होतं. सलीम बोटीला टेकून उभा.

"मुहंदिस!" इंजिनीअरला इकडे असंच हाक मारतात. "तुम लेट? तबियत खराब?"

त्यानं विजेऱ्या काढल्या. अंधार पडता पडता उतरायचं म्हणाला, हरकत नाही. मग त्याचं लक्ष मितूकडे गेलं. "बेटी का फ्लाइट कब?"

"कल सुबह. ग्यारह बजे."

सलीमनं जीभ चावली. खोल पाण्यात जाऊन आल्यावर अठरा तास विमानात बसायचं नसतं. अंगात मुरलेला वायू वर उंचावर त्रास देतो. तीनला उतरलं असतं तर चाललं असतं, आता नाही. "या समुद्र, या फ्लाइट," तो म्हणाला. "एक ही. खलास."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे! अठरा तास! हे माझ्या ध्यानातच आलं नाही!"

इतका वाईट अभिनय मी गॅदरिंगमध्येही पाहिलेला नाही. लिफ्टमध्ये किती माणसं चढावीत याचा नियम तोंडपाठ असलेला माणूस हा! आणि माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. प्लॅस्टिकचं झाड, चष्मा, हलवा. या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा उशीर केला होता, आणि तो मुद्दाम, मुलीचा एक दिवस मिळावा म्हणून. 'अजून एक दिवस राहा' हे चार शब्द त्याला कुठल्याच भाषेत म्हणता येईनात.

पण आता डाव त्यांच्या हातात नव्हता. मितूनं विमान निवडलं, तर वर्षभर जपलेली बुडीही जाणार होती. साहेब वाळूकडे बघत म्हणाले, "तू म्हणशील तसं. विमान महत्त्वाचं. ऑफिस असेल तुझं." मला तिकडे बघवेना.

"नाही बाबा," मितू म्हणाली. "डाइव्ह करू. मी... परवा जाते."

"परवा? बरं. ठीक. बघ बुवा," असं म्हणत साहेब कपडे बदलायला जवळजवळ पळालेच.

ते खडकाआड गेल्यावर मितूनं माझ्यापुढे फोन धरला. तिकीट बदललेलं होतं, परवाचं.

"कधी केलंस?"

"सीबला. शॉप बंद होतं ना, तेव्हा." ती शब्द शोधत होती. "मला रूल माहीत आहे, काका. मी रोज... म्हणजे नेहमी डाइव्ह करते. बाबांना नका सांगू. त्यांना लाज वाटेल." मग म्हणाली, "आई असती तर तिनं सांगितलं असतं. आता मला स्वतः ऐकावं लागतं."

मी हलव्याचा डबा उगाच या हातातून त्या हातात घेतला.

साहेब आले. अंगात काळा रबरी पोशाख, आणि रबरी टोपड्याच्या आत लोकरीची माकडटोपी. उन्हाळा संपताना इथे खालचं गार पाणी वर येतं, हे खरं. पण माकडटोपी घालून समुद्रात उतरलेला पहिला माणूस हाच असावा. "कान झाकले की निम्मी थंडी गेली," साहेब म्हणाले. मितू इतकी हसली की सलीमला तिच्या पाठीवरची टाकी धरावी लागली.

दोघं सलीमबरोबर पाण्यात गेली. मी बोटीत थर्मास सांभाळत बसलो. डोंगरावरचा उजेड गेला आणि पाण्याखाली विजेऱ्यांचे डाग दिसू लागले. सलीमचा पुढे, आणि मागे दोन अगदी चिकटून. ते दोन पुष्कळ वेळ एकाच जागी थांबले होते. आत काय बघत होते कोण जाणे. वर आल्यावर साहेबांचे दात कडाकडा वाजत होते आणि मितूनं त्यांचा हात धरलेला होता.

परतताना चहा पिऊन जरा ऊब आली, तसे साहेब सुरू झाले. "उद्या सहाला उठायचं. आधी बीच, मग मासळीबाजार, मग..."

"बाबा," मितू म्हणाली, "उद्या नुसतं घरी बसू."

साहेबांनी कप खाली ठेवला. "बसू," म्हणाले, आणि ओली माकडटोपी पिळायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बायकोनं दिलेली पोह्यांची ताटली घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. पेपर अजून दारातच पडलेला होता, आणि शेजारी चपलांचे दोन जोड. मी बेल वाजवली नाही. पोहे घेऊन तसाच खाली आलो.